नाव घेतल्याशिवाय रक्त लावू नये

आमच्या हॉस्पिटलच्या फरश्या माझ्या पायांना पाठ झाल्यात. कुठली डुगडुगते, कुठल्या फरशीवर मावशीचा पोछा कधीच पोचत नाही, सगळं पायांना कळतं. केसपेपरच्या खिडकीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत रोज सकाळी माझा राउंड असतो. हातात पॅड, गळ्यात चष्मा आणि तोंडात नन्नाचा पाढा. इथं झोपू नका, तिथं डबा उघडू नका, सिलिंडरवर टॉवेल वाळत घालू नका. आधी मी वॉर्डात सिस्टर होते. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे हॉस्पिटलचे मालक, म्हणाले, "सिस्टर, आता तुम्हाला बसायचं काम देतो. तुम्ही क्वालिटी बघा." बसायचं काम म्हणे! त्या दिवसापासून जी उभी आहे, ती अजून उभीच आहे.

झालं होतं असं की हॉस्पिटलला ॲक्रिडिटेशन घ्यायचं ठरलं. म्हणजे बाहेरून तपासणारे येणार, त्यांना असेसर म्हणतात. ते सगळं हॉस्पिटल उलटंपालटं करून बघणार आणि पेशंट इथं सुरक्षित आहे असं त्यांना वाटलं तर सर्टिफिकेट देणार. ते नसेल तर सरकारी योजनेचे पेशंट पुढेमागे बंद होतील, अशी धास्ती डॉक्टरांना होती. आमच्याकडे येणारे निम्मे लोक योजनेचंच कार्ड घेऊन येतात. त्यांना ठाण्याला जा म्हणून सांगणं म्हणजे घरी जा म्हणून सांगणंच झालं. म्हणून मी राउंड मारत होते. असेसर येतील तेव्हा येतील, त्याआधी रोज मीच असेसर.

हॉस्पिटल भिवंडीत, कामतघरच्या तोंडाशी. मागे कापडाचे लूम, समोर लूम, वरच्या मजल्याच्या खिडकीतून दिसतात तेही लूमच. दिवसभर खडखड चालू. आम्हाला ती ऐकूही येत नाही. बंद पडली की दचकून वर बघतो, लाइट गेली वाटतं. त्या लूममधून कापसाची तूस उडते आणि आमच्या प्रत्येक वस्तूवर बसते. आग विझवायच्या लाल सिलिंडरवरची तारीख वाचता आली पाहिजे असा नियम आहे. सकाळी मी तो पुसून घ्यायची, संध्याकाळी त्याला परत पांढरी मिशी आलेली असायची.

आणि तो मागचा जिना! आग लागली तर पळायचा जिना तो. त्यावर गावाकडून आलेल्या नातेवाइकांची बोचकी, चटया, स्टीलचे डबे, कुणाची तरी लुंगी वाळत. दरवाजा बंद होऊ नये म्हणून त्यात एक वीट घातलेली असायची. ती वीट मी किती वेळा उचलून बाहेर टाकली असेल, देवाला ठाऊक. दुसऱ्या दिवशी ती जागच्या जागी हजर. वॉर्डातल्या मावशीला विचारलं तर म्हणाली, "मी न्हाय ठेवली बाय. ती ऱ्हातेच तिथं."

या मावशीवर मी एकदा चिडले आणि म्हणाले, "आता तुझ्यामुळे एनसी लागणार बघ!" एनसी म्हणजे या तपासणीच्या भाषेत त्रुटी, असेसर कागदावर लिहून देतात ती. पण भिवंडीत एनसी म्हटलं की लोकांना पोलीस ठाणंच आठवतं. नळावरच्या भांडणात एकमेकांवर करतात ती तक्रार. मावशी दुपारभर दिसली नाही. संध्याकाळी तिचा नवरा लूमची ड्युटी सोडून माझ्यासमोर हात जोडून उभा. "मॅडम, पोलिसात नका देऊ, गरीब बाई हाय." त्याला समजावता समजावता माझी शेवटची रिक्षा गेली.

असं सगळं चाललं होतं. पण या पसाऱ्यात एकच नियम असा होता की त्यावर मी खरोखर घसा फोडून घेतला. पेशंटला औषध द्यायच्या आधी, रक्त लावायच्या आधी, ऑपरेशनला न्यायच्या आधी त्याची ओळख पटवायची. मनगटावर नावाची पट्टी असते ती वाचायची, नंबर फाइलशी ताडायचा आणि पेशंटला त्याचं नाव विचारायचं. ते त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आपण नाव उच्चारून "तू अमुक ना?" असं विचारायचं नाही. कारण तापानं फणफणलेला, परक्या जागी घाबरलेला माणूस कशालाही मान हलवतो.

लूमवरच्या पुरुषांचं सोपं होतं. नाम बोलो म्हटलं की धडाधडा बोलायचे, वर गाव आणि जिल्हाही सांगायचे. गाडं अडायचं आमच्या आसपासच्या गावातल्या बायकांपाशी. आपल्याकडे बाईचं पूर्ण नाव म्हणजे मध्ये नवऱ्याचं नाव. आणि नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? स्वतःचं नाव सांगतील, आडनाव सांगतील, मधल्या नावापाशी आलं की भिंतीकडे बघतील. फारच खोदलं तर म्हणतील, "त्या पोरीला इचारा, ती सांगल." बरं, या गावांत आडनावंही दोन-तीनच. अख्ख्या गावाचं एकच आडनाव असतं.

सिस्टर मग शॉर्टकट मारायच्या. फाइलमधलं नाव त्याच वाचायच्या, बाई पदर सावरायची, झाली ओळख! मी ओरडले की म्हणायच्या, "मॅडम, त्या बोलतच नाहीत. आम्ही काय दिवसभर उभं राहायचं?" त्यांचंही खरं होतं. एका सिस्टरच्या वाट्याला अख्खा वॉर्ड. माझंही घरी 'अहो'च्या पुढे कधी गेलेलं नाही, तो भाग वेगळा. पण म्हणून नियम सोडून चालतं का? मी रोज तेच बोलायची, त्या रोज तेच ऐकून सोडून द्यायच्या. बोलून बोलून मला माझ्याच आवाजाचा कंटाळा आला होता.

तपासणीच्या त्या आठवड्यात बायकांच्या वॉर्डात जवळच्या दिघाशी गावच्या दोन बायका होत्या. चुलत जावा. दोघींचं नाव एक, आडनाव एक. गावात त्यांना थोरली आणि धाकली म्हणायचे, तेव्हा तिथं कुणाची अडचण होत नव्हती. आमच्या कागदावर थोरली-धाकली कुठं लिहायचं? फरक फक्त मधल्या नावाचा. दोघी वयानं जवळपास, दोघी सारख्याच किडकिडीत, अंगात रक्त म्हणून नाही. थोरली बाळंतीण. तिचं बाळ अपुऱ्या दिवसांचं, वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत. धाकलीचं अंगावरून जाणं काही केल्या थांबत नव्हतं. तिचं ऑपरेशन करायचं होतं, पण अंगात रक्त भरल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. दोघींसाठीही रक्त मागवलं होतं. दोघींचा ग्रुप वेगळा.

धाकली मला आवडायची. मी राउंडला गेले की सिलिंडर बघू देईना. हाक मारायची, "बाय, घरी कवा सोडनार?" तिची पोरगी घरी सासूजवळ होती, आणि ती आईच्या हातनंच जेवायची. "माझ्याबिगर खात न्हाय वो ती. सासू सांगते खाते, पन मला म्हाईत हाय, न्हाय खात." मी म्हणायची, "आधी रक्त, मग ऑपरेशन, मग घर." त्यावर एकदा ती हळूच म्हणाली, "बाय, दुसऱ्याचं रगत माझ्या अंगात भरल्यावर मी मीच ऱ्हाईन ना?"

मी घाईत होते. म्हणाले, "तूच राहशील गं. जरा लाल होशील एवढंच." अख्खा वॉर्ड हसला. तीही हसली. पण तिचे डोळे काही हसले नाहीत, ते माझ्या तोंडाकडेच बघत राहिले.

पुढची गोष्ट मला नंतर कळली, पण आधीच सांगते, म्हणजे त्या सकाळी काय घडत होतं ते समजेल. तपासणी आली म्हणून वॉर्डातला एक पंखा दुरुस्त केला. किती तरी महिने तो रडत रडत फिरायचा. इलेक्ट्रिशियननं असा काही नीट केला की तो भणाणा फिरायला लागला. त्याच्या खाली थोरलीची खाट. आता बाळंतिणीच्या डोक्यावर पंख्याचा वारा? बाळंतिणीला वारा लागला तर जन्माचं दुखणं, हे आमच्याकडे कुणालाही विचारा. पंखा बंद करा म्हणायची त्यांना लाज वाटली. तपासणीच्या आदल्या दुपारी सिस्टरांची ड्युटी बदलत होती तेव्हा धाकली उठली, भिंतीला धरत धरत गेली आणि जावेला म्हणाली, तू माझ्या कोपऱ्यात जा, मी इथं निजते. झाली अदलाबदल. उशा नेल्या, चादरी नेल्या. खाटेच्या पायथ्याला लटकवलेल्या फायली जिथल्या तिथं राहिल्या. त्या इंग्रजीत होत्या, त्यांच्याशी या दोघींचा काय संबंध?

वॉर्डात आणखी एक खोड होती. सलाइनची सुई टोचताना मनगटावरची पट्टी आड येते म्हणून सिस्टर ती कापायच्या आणि फायलीला चिकटवून ठेवायच्या. मी रोज बोंबलायची. शेवटी तपासणीच्या दिवशी सकाळी एका सिस्टरनं माझं ऐकलं. सगळ्यांच्या फायली बघून नवीन पट्ट्या लिहिल्या आणि एकेका खाटेवर जाऊन मनगटावर बांधल्या. थोरलीची पट्टी धाकलीच्या हातावर बांधली गेली आणि धाकलीची थोरलीच्या. धाकलीनं हात पुढे केला, बांधा म्हणाली.

असेसर आले. परराज्यातले निवृत्त डॉक्टर, हिंदी बोलणारे, फार हळू आणि फार गोड. गोड बोलणाऱ्या तपासणाऱ्याची मला जास्त भीती वाटते, ओरडणारा बरा. मागचा जिना बघितला, रिकामा होता. वीट मी स्वतः पहाटे उचलून गच्चीवर लपवली होती. सिलिंडर चकचकीत. मावशीला त्यांनी विचारलं, आग लागली तर काय करशील? तिनं पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, "बरोबर ना बाय?" ते हसले. मोठे डॉक्टर हसले. मीही हसले, पण माझी कंबर तुटायला आली होती आणि अजून दोन मजले बाकी होते.

बायकांच्या वॉर्डात आम्ही शिरलो आणि त्याच वेळी रक्तपेढीतून पिशवी आली. असेसरांनी बघितलं. "अच्छा, खून चढ़ाने वाले हैं? दिखाइए, कैसे करते हैं." ड्युटीवरची सिस्टर नवखी होती, पण हुशार. तिनं हात धुतले. पिशवीवरचं नाव वाचलं, फाइल बघितली, पंख्याखालच्या खाटेवरच्या बाईच्या मनगटावरची पट्टी बघितली. दुसऱ्या सिस्टरनं परत सगळं वाचून ताडलं. नाव जुळलं, नंबर जुळला, ग्रुप जुळला. कुठं म्हणून खोट नाही. मी मनात हुश्श केलं. खाटेवर धाकली आहे हे मला दिसत होतं, तिलाही रक्त द्यायचं आहे हे मला माहीत होतं. तिची खाट बदलली आहे हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. माझं लक्ष त्या भणाणणाऱ्या पंख्यावर आणि असेसरांच्या पेनावर.

"ताई, तुमचं नाव सांगा," सिस्टर म्हणाली.

धाकलीनं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं.

"पूर्ण नाव सांगा."

धाकली भिंतीकडे बघायला लागली.

"ताई, पूर्ण नाव. मधलं. मिस्टरांचं." सिस्टरच्या कपाळावर घाम. असेसर थांबलेले, पेन उघडं. मोठे डॉक्टर मागे चुळबुळ करतायत. लूमची खडखड चाललेली. सिस्टरनं आणखी थोडं थांबून बघितलं आणि मग तिनं तेच केलं, जे करू नको म्हणून मी वर्षभर सांगत आले होते. फाइलमधलं नाव स्वतःच उच्चारलं आणि म्हणाली, "हेच ना?"

धाकलीनं झटकन पदर कपाळापर्यंत ओढला आणि मान खाली घातली.

"येस सर, कन्फर्म केलं," सिस्टर म्हणाली आणि नळीच्या चापाकडे तिचा हात गेला.

आता इथं मी फार शूर वगैरे झाले असं कुणी समजू नका. मला काही दिसलं नव्हतं, काही कळलं नव्हतं. असेसरांना मराठी येत नव्हती, त्यांनी मान हललेली बघितली होती, ते पुढे लिहायलाही लागले होते. मोठ्या डॉक्टरांनी मला डोळ्यांनी खूण केली, गप्प राहा. गप्प राहिले असते तर सगळं सुरळीत पार पडलं असतं आणि सर्टिफिकेट आमच्या हातात आलं असतं. पण मला राग आला. नुसता संताप. इतके महिने पाय झिजवले, घसा फोडला, घरी जाऊन भाकरी थापायची ताकद उरली नाही, आणि ऐन परीक्षेत ही पोरगी माझ्या डोळ्यांदेखत पेशंटच्या तोंडात नाव कोंबते?

"थांब!" मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले.

"मॅडम, पट्टी जुळते. फाइलपण जुळते."

"पट्टी जुळू दे नाहीतर पत्रिका जुळू दे. बाई बोलली का? बोलल्याशिवाय चाप सोडायचा नाही."

मोठ्या डॉक्टरांचा चेहरा पडला. असेसरांचं पेन थांबलं. मी धाकलीजवळ गेले, खाटेच्या कडेला टेकले. पायांना तेवढंच बरं वाटलं. म्हटलं, "हे बघ, नाव घे."

"न्हाय बाय." पदराच्या आतनंच.

"अगं, त्याशिवाय रक्त नाही लावता येत. रक्त नाही तर ऑपरेशन नाही. ऑपरेशन नाही तर घर नाही. पोरगी वाट बघतेय ना?"

"एवढ्या पुरुषांम्होरं कसं घेऊ?"

"लग्नात घेतलंस की नाही? हळदीला घेतलंस की नाही? तेव्हा काय पुरुष नव्हते? तसंच घे."

आता वॉर्डातल्या बायकांना अवसान चढलं. सलाइन लावलेल्या, टाके घातलेल्या, सगळ्या उठून बसल्या. "घे गं, घे! लाजतेस काय!" कोपऱ्यातून थोरलीही हसली, "घे गं बाय, आता साहेब लोक का सांजपतोर उभं ऱ्हातील?" असेसर गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा बायकांकडे बघत होते. धाकलीनं पदर थोडा मागे सारला. ओठ कोरडे पडले होते तिचे. डोळे मिटले आणि हळू, दमानं, श्वास लागत लागत म्हणाली,

"वज्रेश्वरीच्या कुंडातून निघते गरम वाफ,"

थांबली. मग तिनं नाव घेतलं. ते मी इथं लिहीत नाही. तिनं एवढ्या कष्टानं घेतलं, मी कशाला फुकट वाटू?

"नाव घेते, चुकलं तर करा माफ."

बायकांनी टाळ्या पिटल्या. मी सिस्टरकडे वळले. ती टाळ्या पिटत नव्हती. ती पिशवीवरचं नाव वाचत होती, परत परत वाचत होती, आणि तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता.

"मॅडम," ती कशीबशी म्हणाली, "पिशवीवर हे नाव नाहीये."

"अवो, नसनारच!" थोरली कोपऱ्यातून म्हणाली. "ते तिच्या मालकाचं नाव. तुमी मघा घेतलं ते आमच्या घरच्यांचं. थोरला दीर लागतो तिचा. त्याचं नाव कानावं पडल्यावं पदर न्हाय घेनार तर काय करल ती?"

टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले. कुणी काही सांगायची गरज नव्हती. पिशवी थोरलीची होती. चुकीच्या ग्रुपचं रक्त, त्यातलं थोडंसं जरी आत गेलं तरी अंगाला हुडहुडी भरते, लघवी लाल होते, मूत्रपिंडं बसतात. धाकलीच्या अंगात तर झुंजायला काही शिल्लकच नव्हतं. चापावरचा एक अंगठा, एवढंच अंतर राहिलं होतं.

सिस्टर तोंड दाबून रडायला लागली. मी तिच्या हातातून पिशवी घेतली, ट्रेमध्ये ठेवली, कात्री मागितली आणि दोघींच्या पट्ट्या कापून काढल्या. माझे हात अगदी स्थिर होते. धाकली विचारत होती, "चुकलं का बाय? माझं काय चुकलं का?"

"नाही गं राणी," मी म्हणाले. "तुझंच तेवढं बरोबर होतं."

असेसरांनी हळूच मला बाजूला घेतलं. "मैडम, वो कविता क्यों बोल रही थी?"

"सर, वो कविता नहीं थी. वो आइडेंटिफिकेशन था."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, धाकलीकडे बघितलं आणि मग बराच वेळ लिहीत राहिले.

एनसी लागली. लागायलाच हवी होती. पट्ट्यांबद्दल लागली, फायलींबद्दल लागली, आणि ओळख पटवायची पद्धत ठरल्याप्रमाणे नाही म्हणूनही लागली. शेवटच्या मिटिंगमध्ये त्यांनी सगळं गोड आवाजात वाचून दाखवलं. ते गेल्यावर मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, गेली नोकरी. ते म्हणाले, "सिस्टर, ते गेल्यावर नसतं का थांबवता आलं?"

"गेल्यावर म्हणजे कधी साहेब? अर्धी पिशवी संपल्यावर?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग बेल दाबून दोन चहा सांगितले. माणूस वाईट नाही. तोही थकलेला होता.

चहा पिऊन मी मागच्या जिन्यावर जाऊन बसले. असेसरांची गाडी रस्त्याला लागायच्या आत बोचकी परत आली होती, लुंगी परत वाळत होती. कुणाला हाकलायचं अवसान माझ्यात उरलं नव्हतं. भीती मला तिथं बसल्यावर वाटली. इतके महिने राउंड मारते आहे, सिलिंडरवरची तूस पुसते आहे, पट्ट्या बांधा, पट्ट्या बांधा म्हणून ओरडते आहे, आणि पट्टी बांधल्यामुळेच ती बाई मरत होती. मी रडले. दिघाशीचीच एक म्हातारी शेजारी चटईवर बसली होती. तिनं काही विचारलं नाही. डब्यातला भाताचा घास काढून माझ्यापुढे धरला. मी खाल्ला.

थोरलीला तिचं रक्त दुपारीच लागलं. धाकलीची पिशवी संध्याकाळी आली. तीच सिस्टर ड्युटी संपली तरी थांबली होती. तिनं विचारलं, "ताई, नाव घ्या." धाकली म्हणाली, "आता परत? सकाळी घेतलं ना!" सिस्टर म्हणाली, "पिशवी नवीन, नाव परत." बायका खुदखुदल्या. धाकलीनं डोळे मिटले आणि तेच कुंड, तीच वाफ. या वेळी नाव जुळलं. दुसऱ्या पिशवीलाही घ्यायला लावलं, ऑपरेशनला नेतानाही घ्यायला लावलं.

तेव्हापासून आमच्या वॉर्डात तोच रिवाज पडला. नाव विचारलं की बायका गप्प बसतात, पण नाव घ्या म्हटलं की घेतात. एनसीला उत्तर लिहायचं होतं त्यात मोठ्या डॉक्टरांनी इंग्रजीत काय काय लिहिलं ते त्यांनाच माहीत. पुढे सर्टिफिकेट मिळालं. काचेच्या फ्रेममध्ये केसपेपरच्या खिडकीवर लावलंय. त्याच्यावरही तूस बसते, तीही मलाच पुसावी लागते.

धाकली घरी गेली त्या दिवशी मी नेमकी राउंडवर होते. नवरा न्यायला आला होता. हडकुळा, लाजाळू माणूस, हातात तिची पिशवी आणि चपला. वॉर्डातल्या बायकांनी त्याला घेरलं आणि सगळं सांगून टाकलं. तुमचं नाव घेतलं हो तिनं, साहेबांसमोर घेतलं, किती वेळा घेतलं! तो आधी लाजला. मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं, मला बघवेना. म्हणाला, "खरंच घेतलान?" लग्नानंतर त्यानं ते कधी ऐकलंच नव्हतं.

जिन्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेले. धाकली एका हातानं कठडा धरून, एका हातानं माझा दंड धरून उतरत होती. मध्येच तो थांबला आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाला, "घरी गेल्यावं येक डाव घे की."

"घरी?" ती दम खायला थांबली. "घरी कशाला घेऊ? तिथं मला समदी वलखतात."